बारमध्ये विनोदी गाणं म्हणायचं असेल तर

विनोदी बँड बारमध्ये पडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: शब्द ऐकूच जात नाहीत. गाणं चांगलं असतं, घरी मित्र लोळून हसलेले असतात, सुरांची तयारीही झालेली असते. पण तिसऱ्या टेबलावरच्या माणसाला गिटारीचा खणखणाट आणि मध्येच कुठेतरी 'डिपॉझिट' एवढंच कळतं. प्रेमगीताचं तसं नाही. त्यातले निम्मे शब्द हरवले तरी सूर वेळ मारून नेतो. विनोदात एक शब्द गेला की पंच गेला, आणि पंच गेल्यावर हाती उरतं ते एक बेताचं गाणं. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे, मग ते वाद्यांबद्दल असो, लिहिण्याबद्दल असो की माइक धरण्याबद्दल, ते फिरून फिरून याच मुद्द्यापाशी येणार आहे.

आधी जागा कुठली ते ठरवा. मुंबई-पुण्यात ओपन माइक या नावाखाली तीन जाती नांदतात. पहिली निव्वळ स्टँडअपची: प्रत्येकाला चार-पाच मिनिटं, एक माइक, एक स्टँड, एक उंच स्टूल. दुसरी गाण्याबजावण्याची: दोन-तीन गाणी, छोटा मिक्सर, नशीब असेल तर जागेचं स्वतःचं कॅजॉन, म्हणजे ते खोक्यासारखं तालवाद्य. तिसरी सरमिसळ, जिथे कवितेनंतर रॅप, रॅपनंतर विनोद आणि मग कुणीतरी डोळे मिटून सुफी गातं. नव्या विनोदी बँडने आधी दुसऱ्या जातीच्या रात्री जावं, असं माझं मत आहे. स्टँडअपवाल्यांना ते पटणार नाही. पण त्यांच्या माइकला निम्मा प्रेक्षक म्हणजे आपल्या पाळीची वाट बघत वहीत डोकं घालून बसलेले इतर कॉमेडियन. विनोद आवडला तरी ते हसत नाहीत, नुसती मान हलवतात. शिवाय गिटार कुठे जोडायची याचं उत्तर तिथे कुणाकडे नसतं. गाण्याच्या रात्री मात्र विनोदाची कुणालाच अपेक्षा नसते. तिघं वाद्यं घेऊन चढतात, आता आणखी एक ब्रेकअपचं गाणं ऐकावं लागणार म्हणून लोक चखण्याकडे वळतात, आणि पहिलीच ओळ निघते सोसायटीच्या एनओसीवर. हा धक्का फुकटात मिळतो. गाणं दोन-तीन ठिकाणी उभं राहिलं की मग खुशाल स्टँडअपच्या माइकला न्या. तिथे वहीतली डोकी वर आली तर गाणं खरंच जमलं म्हणायचं.

नाव नोंदवणं हल्ली इन्स्टाग्रामवरच्या फॉर्मने किंवा आयोजकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं. फॉर्ममध्ये नुसतं 'बँड' लिहून मोकळे होऊ नका. माणसं किती, वाद्यं कुठली, किती माइक आणि किती केबली लागतील हे लिहा, आणि जमल्यास आयोजकाला फोन करा. वाद्यं लावायचा वेळ तुमच्या मिनिटांत धरणार की वेगळा, हे विचाराच. दहा मिनिटांतली चार जोडाजोडीत गेली तर गाणी दोनच उरतात. त्या रात्री क्रिकेटचा सामना असेल तर मोठ्या पडद्याचा आवाज बंद ठेवणार का, हेही विचारा. बार ओपन माइकच्या रात्री ठेवतो त्या बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवसांत, कारण तेव्हा टेबलं रिकामी असतात. त्याला तुमच्या कलेपेक्षा तुमच्याबरोबर येऊन काहीतरी मागवणाऱ्या माणसांत रस असतो, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. काही जागी कलाकारालाही प्रवेशशुल्क असतं, काही जागी 'दोन माणसं आणा तर स्पॉट' असा नियम असतो. दारात जाऊन वाद घालण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

कॉलेजातल्या बँडने वयाचंही बघावं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे परवाना असलेल्या जागा दारावर जपून असतात. तुम्ही पिणार नाही हे तुम्हाला माहीत असतं, दरवाजावरच्या माणसाला नसतं. 19 वर्षांचा ढोलकीवाला बाहेर अडला तर उरलेले दोघं आत जाऊन काय करणार? ओळखपत्रं जवळ ठेवा आणि वयं आधीच सांगून टाका.

किती जण असावेत? तिघं पुरेत. चौथा माणूस छोट्या बारच्या मंचावर मावत नाही, आणि पाचव्याला तालमीला यायला जमत नाही. तिघांत एक गाणारा, एक त्याला अडवणारा आणि एक नुसता वाजवणारा, अशी वाटणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. त्या वाजवणाऱ्याने अजिबात विनोद करायचा नाही, हसायचंही नाही. तिघंही गमतीदार चेहरे करायला लागले की बघणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही आणि शब्दांवरचं लक्ष उडतं. 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स' ही न्यूझीलंडची जोडी 1998 मध्ये वेलिंग्टनला सुरू झाली. दोन खुर्च्या, दोन गिटारी आणि दोन मख्ख चेहरे, एवढ्या भांडवलावर ते दोघं पुढे एचबीओच्या मालिकेपर्यंत पोचले. त्यांचे व्हिडिओ बघताना गाण्याइतकंच गाण्यांच्या मधलं बोलणं ऐका; निम्मा हशा तिथे असतो.

आपल्याला हे परदेशातूनच शिकावं लागतं असं मात्र नाही. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी 'जी जी जी' करत ती उचलून धरतात. त्या झिलेत शाहिराला दम घेता येतो, पण त्याहून मोठं काम वेगळंच होतं: ऐकणाऱ्याला आधीची ओळ समजून घ्यायला आणि दाद द्यायला जागा मिळते. पुढची ओळ त्या हशा-टाळ्यांखाली गाडली जात नाही. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी येते. तिच्यात सोंगाड्याचं वाकडं उत्तर चालतं, कारण समोरच्याने प्रश्न अगदी सरळ विचारलेला असतो. गोव्याच्या तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात प्रवेशांच्या मधे पडद्यापुढे येऊन 'कांतारां' गातात, त्यातली कितीतरी विनोदी आणि थेट राजकीय असतात, साथीला ट्रम्पेट-ड्रम्सचा जिवंत ताफा असतो आणि लोकांना आवडलं तर गायकाला परत यावं लागतं. पहिला तियात्र 1892 मध्ये झाला तो मुंबईतच. विनोदी बँड काढणाऱ्या मराठी मुलांनी एखादा तियात्र बघितला तर महिनाभराची तालीम वाचेल.

आता लिहिण्याकडे. विषय क्षुल्लक आणि थाट भारदस्त, ही विनोदी गाण्याची जुनी युक्ती अजून आटलेली नाही. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये गंभीर कवितेच्या थाटाचा असाच समाचार घेतला होता. बँडला तर शब्दांबरोबर चाल, ताल आणि वाद्यंही त्या थाटात सामील करून घेता येतात. समजा, भाड्याने जागा शोधणाऱ्या अविवाहित मुलाने सोसायटीच्या चेअरमनला लावणीतून आळवलं:

चेअरमनसाहेब, जरा वळून बघा ना,
कागदावर माझ्या एक सही करा ना!

ढोलकीवर हे चालेल, पहिल्यांदा लोक हसतीलही. अडचण पुढे आहे. गाण्याला ध्रुवपद लागतं, आणि विनोद दुसऱ्यांदा ऐकला की शिळा होतो. विनोदी गाणी दुसऱ्या कडव्यानंतर बसतात ती इथेच. उपाय एवढाच, की ध्रुवपदाचे शब्द तेच ठेवायचे आणि अर्थ दर वेळी फिरवायचा. पहिल्या कडव्यानंतर कागद म्हणजे एनओसी. दुसऱ्या कडव्यात जागा मिळाली आहे, आता कागद म्हणजे पार्किंगचा स्टिकर. तिसऱ्या कडव्यात वर्षं सरली आहेत, सोसायटीच्या निवडणुकीत कुणीच उभं राहिलं नाही म्हणून हाच चेअरमन झाला आहे आणि बाकीचे दोघं त्याच्यापुढे तेच ध्रुवपद गातायत. ढोलकी थांबते आणि तो मख्ख चेहऱ्याने म्हणतो, 'मीटिंगमध्ये बघू.' गाणं तिथेच संपवायचं. त्यानंतर एकही सूर नको.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण येते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, आणि 'होतं', 'आहे', 'केलेलं' या शेपटीखाली पंच चिरडला जातो. 'तिच्या बाबांनी पगार विचारल्यावर कुठल्या महिन्याचा असं मी त्यांना विचारलं होतं' यावर कुणी हसणार नाही. 'बाबा म्हणाले, पगार किती? मी म्हटलं, कुठल्या महिन्याचा?' यावर हसतील, कारण ज्या शब्दावर हसायचं तो शेवटी आहे आणि त्यानंतर शांतता आहे. गाण्यात शब्दांची उलटापालट चालते, या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्या. क्रियापदांनी यमक जुळवायचंही टाळा. गेला-केला-मेला कुणालाही जमतं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे ते ऐकणाऱ्याला तुमच्या आधी सुचतं. तो यमक ओळखतो हे गृहीत धरून त्याला चकवता आलं तर उत्तम: यमक येणार असं वाटायला लावायचं आणि ऐन वेळी भलताच शब्द ठेवायचा.

भाषेचं धोरण जागा बघून ठरवा. कोथरूडमध्ये जे गाणं सहज पोचेल ते अंधेरी-खारच्या बारमध्ये निम्म्यांना कळणार नाही. म्हणून गाणं हिंदीत करायची गरज नाही. एनओसी, डिपॉझिट, पार्किंग, मीटिंग हे शब्द सगळ्यांना कळतात. पंचाच्या ओळीत असा एक तरी खुंटा असला की मराठी न येणाराही त्याला धरून राहतो. सुरुवातीला एका वाक्यात प्रसंग सांगा, विनोद सांगू नका. 'हे गाणं एका भाडेकरूचं आहे' एवढं पुरे. 'हे फार फनी गाणं आहे' असं म्हणालात तर समोरचे हाताची घडी घालतात.

लांबी दोन, फार तर अडीच मिनिटं. सुरुवातीच्या नुसत्या वाजवण्याला चार मात्रांहून जास्त वेळ देऊ नका आणि पहिला हशा अर्ध्या मिनिटाच्या आत येईल असं बघा. दहा मिनिटांत तीन गाणी आणि मधलं बोलणं, यापुढे जाऊ नये. तीन गाणी नसतील तर एकावरही जाता येतं. 'टेनेशियस डी' या विनोदी जोडीतले जॅक ब्लॅक आणि काइल गॅस 1994 मध्ये लॉस एंजेलिसच्या अल्स बारमध्ये पहिल्यांदा चढले, तेव्हा त्यांच्याकडे एकच गाणं होतं.

वाद्यं कमी आणि हलकी. पूर्ण ड्रमसेट छोट्या खोलीत शब्दांचा काळ ठरतो. कॅजॉन चालेल, डिमडी चालेल. ढोलकी छान वाटते, पण तिला माइक देऊ नका. तिला त्याची गरज नसते. पेटी मराठी गाण्याला शोभते, मात्र तिला टेबल आणि वेगळा माइक लागतो, आणि बारमध्ये मोकळं टेबल मिळणं हाच एक विनोद आहे. गिटार पिकअपवाली घ्या. साध्या गिटारीपुढे दुसरा माइक लावला की वादक हलला तरी आवाज जातो-येतो.

पिकअपवाल्या गिटारीत बहुधा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती बदला. तालमीनंतर केबल गिटारीतच राहिली तर तेवढ्याने बॅटरी उतरते, कारण जॅक आत असला की आतलं सर्किट चालू राहतं. ऐन गाण्यात गिटार फाटक्या आवाजात कण्हू लागते ती नव्वद टक्के वेळा यामुळे (ही टक्केवारी माझी, शास्त्राची नाही). स्वतःची केबल न्या, जास्तीची एक न्या. बारच्या केबली कुणीतरी पायाखाली तुडवलेल्या असतात. डीआय बॉक्स असेल तर गिटार त्यातून मिक्सरला जाते आणि खरखर कमी होते. नसेल तर मिक्सरवरच्या माणसाला नम्रपणे विचारा. तो माणूस कित्येकदा बारचाच एक कर्मचारी असतो आणि त्याच वेळी त्याला दोन टेबलांची बिलंही करायची असतात. त्याला 'मिड्स थोडे काढ' वगैरे सांगण्यात अर्थ नाही. 'आवाज वर, गिटार खाली' एवढं सांगा. तेवढं त्याला जमतं आणि तुम्हालाही तेवढंच हवं असतं.

माइक बहुतेक ठिकाणी गोल जाळीचा साधा गाण्याचा माइक असतो. तो समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं बरंचसं टाळतो. म्हणून स्पीकर त्याच्या पाठीमागे असावा, तोंडासमोर नसावा. रॅपरांचं बघून जाळीभोवती मूठ आवळण्याची खोड असेल तर ती सोडा. मूठ आवळली की माइकचं पाठ फिरवणं बंद होतं, शिट्टी वाजते आणि शब्दही बोदे होतात. तोंड दोन-तीन बोटांच्या अंतरावर, आणि प-फ-भ या वर्णांचा फटका जाळीवर सरळ बसू नये म्हणून किंचित तिरकं. आपल्या भाषेत फुसकुल्या सोडणारी अक्षरं पुष्कळ आहेत. 'भाडं' आणि 'फॉर्म' हेच तुमच्या गाण्यातले महत्त्वाचे शब्द असतील तर ते माइकवर घरी म्हणून बघा.

वाजवणाऱ्याला एकच नियम द्या: शब्द चालू असताना हात दाबून, शब्द संपल्यावर मोकळा. कडव्यात तळव्याने तारा दाबून ठोकाच द्यायचा, भरघोस झंकार ध्रुवपदाला राखून ठेवायचा, आणि पंचाच्या शब्दावर काहीही वाजवायचं नाही. चांगल्या वादकाला हे जड जातं. आपण काहीच करत नाही असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो शब्दांना वाट करून देत असतो, आणि बँडमध्ये हे सर्वांत अवघड काम आहे. ते त्याला पटवून द्या, नाहीतर तो दुसऱ्या कडव्यात सोलो घालणारच.

तालमीत दोन गोष्टी बसवा. एक टेका: हशा आला की दोन कॉर्डांवर फिरत राहायचं, हशा ओसरायला लागला की गाणाऱ्याने मान हलवायची आणि पुढची ओळ घ्यायची. हशा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली तर खोली थंड होते. शिगेला असताना ओळ घेतली तर ती वाया जाते. तो उतरता क्षण पकडणं सरावाने येतं, आणि घरी हशा नसल्याने सराव करता येत नाही, म्हणून तालमीत बँडबाहेरच्या एखाद्याने वेळी-अवेळी मोठ्याने हसावं. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. दुसरी गोष्ट, आडवाट: वेळ संपत आली तर कुठूनही थेट शेवटच्या ध्रुवपदावर उडी कशी घ्यायची, कुणी खूण करायची, हे ठरवून ठेवा. एक मिनिट उरलं की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात. तो दिसल्यावर नवं गाणं सुरू करणारा बँड पुढच्या वेळी यादीत नसतो.

गाण्यांचा क्रम कापो आणि तारांच्या जुळवणीवरून लावा. मंचावर तारा जुळवत बसणं हा सगळ्यात लांब वाटणारा वेळ असतो. गिटारीच्या टोकाला चिमट्याचा ट्यूनर लावा आणि एक जुळवत असताना दुसऱ्याने बोलायचं, ते बोलणंही लिहून पाठ केलेलं हवं. 'तर मित्रांनो... हॅलो, हॅलो... येतोय का आवाज?' हे बोलणं नव्हे.

यादीत कुठली जागा मागावी? स्टँडअप करणारे पहिल्या स्पॉटला घाबरतात, खोली थंड असते म्हणून. बँडने मात्र पहिली किंवा मध्यंतरानंतरची पहिली जागा मागून घ्यावी. वाद्यं लोक बसत असताना लावता येतात, साउंडचेक नावाचं जे काही दीड मिनिट मिळतं ते मिळतं, आणि थंड खोली तापवायला तीन माणसं आणि ढोलकी एकट्या माणसापेक्षा केव्हाही बरी. अगदी शेवटची जागा घेऊ नका. तेव्हा बिलं येतात, प्रत्येक टेबल हिशेबात गुंतलेलं असतं आणि कुणी किती बिअर घेतल्या यावर तुमच्यापेक्षा चांगला विनोद चालू असतो. गच्चीवरच्या बारमध्ये शेवटच्या जागेचा आणखी एक धोका आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. यादी लांबली की माइक जातो आणि तुम्ही ओरडून गाता.

प्रत्यक्ष चढल्यावर करायचं फारसं काही उरत नाही. गाण्याआधी पिऊ नका. जीभ जड व्हायला एक पेगही पुरतो, आणि सगळा डाव जिभेवर आहे. मिक्सर-ग्राइंडर किंवा कॉकटेलचा शेकर सुरू झाला तर ओळ थांबवा, बारकडे बघा, आवाज संपला की तीच ओळ पुन्हा घ्या. लोकांना हे आवडतं, बारवाल्यालाही. टेबलावरून कुणी काही ओरडलं तर स्टँडअपवाल्यासारखं त्याच्या कपड्यांवर तुटून पडायची गरज नाही. तुमच्याकडे झील आहे. तो जे ओरडला तेच दोघांनी सुरात म्हणायचं आणि गाणाऱ्याने पुढे जायचं. बहुतेक वेळा तो माणूस खूश होऊन गप्प बसतो. नाही बसला तर त्याला आवरणं होस्टचं काम आहे, तुमचं नाही.

काय गावं यावर उपदेश करणार नाही, पण माहीत असाव्यात अशा काही गोष्टी आहेत. गाजलेल्या चालीवर नवे शब्द घालून गाणं हे सोपं आणि हमखास हशा देणारं असतं. बारकडे गाणी वाजवण्यासाठीचा आयपीआरएसचा परवाना असेल तर तिथल्या तिथे वाजवण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. व्हिडिओ टाकला की मात्र तो पुन्हा उभा राहतो, कारण 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला नावानिशी सूट नाही. कलम 52 मधल्या टीका-समीक्षेसाठीच्या रास्त वापराचा आधार घेऊन भांडावं लागतं. मार्च 2025 मध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या कार्यक्रमातल्या एका राजकीय विडंबनगीतानंतर, तो जिथे चित्रित झाला त्या खारच्या हॅबिटॅट या जागेची तोडफोड झाली, आणि त्या कार्यक्रमाच्या व्हिडिओवर टी-सिरीजने कॉपीराइटचा दावा केल्याचं कामराने स्वतःच जाहीर केलं. त्या गाण्याबद्दल तुमचं मत काहीही असो, आपल्या गाण्याची किंमत कधी कधी जागेला मोजावी लागते, हे नव्या बँडने ध्यानात ठेवावं. धारदार राजकीय गाणं करायचंच असेल तर करा, पण आयोजकाला आधी सांगा. त्याला ऐन वेळी कळू देऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 296 सार्वजनिक जागी अश्लील गाणं म्हणून लोकांना उपद्रव देण्याबद्दल आहे, तेही वाचून ठेवा. माझं स्वतःचं मत विचाराल तर चाल स्वतःची करावी. चार कॉर्डांत लावणीचा, कव्वालीचा किंवा भावगीताचा भास आणता येतो, आणि तो भासच लोकांना हसवतो.

सगळं रेकॉर्ड करा, पण मोबाइल मंचावर ठेवू नका. तिथे तुमचा आवाज स्वच्छच येणार. तो सगळ्यात मागच्या टेबलावर, अनोळखी माणसांच्या गप्पांमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तिघांनी गाण्याचा कागद समोर घेऊन ऐकायचं, आणि रेकॉर्डिंगमध्ये जो शब्द कळला नाही त्याखाली रेघ मारायची. हशा कुठे आला त्याचीही खूण करा, मात्र आपल्या मित्रांच्या टेबलावरचा हशा वजा करून. मित्र गाणं आधी ऐकलेलं असल्याने पंचाच्या आधीच हसतात आणि फार गोंधळ करतात. रेघ पंचाच्या शब्दाखाली आली तर आधी वाजवणं कमी करा, मग तो शब्द बदला. तिसऱ्यांदाही रेघ आली तर तो विनोद काढून टाका, कितीही लाडका असला तरी.

आपलं झालं की वाद्यं खांद्याला लावून टोळीसकट निघून जाऊ नका. तुमच्यानंतर चढणाऱ्यासमोर अर्धी रिकामी खोली राहते, आणि ओपन माइकच्या लहानशा जगात हे लोक विसरत नाहीत. शेवटपर्यंत बसा, काहीतरी मागवा, मिक्सरवरच्या माणसाचं नाव विचारून घ्या, पुढच्या वेळी आवाज वर करायला उपयोगी पडेल. पुढच्या आठवड्याचा फॉर्म बहुतेक ठिकाणी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो आणि बघता बघता भरतो, तेव्हा तो भरायचं काम तिघांपैकी जो लवकर उठतो त्याच्याकडे द्या.